हरिकेनची तयारी: सामानाच्या यादीआधी घराचा पत्ता तपासा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही कळेल. मार्चमध्ये शिकागोहून फ्लोरिडात, पिनेलस काउंटीत आलात. एकमजली घर घेतलंत. घरात दोन लहान मुलं, आणि नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. हरिकेनचा हा तुमचा पहिलाच मोसम. घर ‘फ्लड झोन एक्स’मध्ये आहे, तेव्हा पाण्याची भीती नाही, असं घर दाखवणारा एजंट म्हणाला. तर सामान काय भरायचं, जनरेटर केवढा घ्यायचा, आणि कॅटेगरी तीनपर्यंतचं वादळ असेल तर घरीच थांबलं तर चालेल ना?

मी टँपा बेच्या, म्हणजे तुमची पिनेलस काउंटी ज्या खाडीला लागून आहे तिच्या भोवती बावीस वर्षं घरं तपासते. छपराला वारा कितपत झेपेल याचे दाखले विमा कंपन्या मागतात, ते देणं हा माझा धंदा. त्यामुळे वादळाआधीचीही घरं बघते आणि नंतरचीही. ज्यांचं मोठं नुकसान झालं, त्यांच्याकडे बॅटऱ्या आणि पाण्याच्या बाटल्या कमी पडल्या असं क्वचितच दिसलं. बहुतेकांनी वाऱ्याची तयारी केली होती आणि आलं पाणी. नाहीतर वादळाच्या एका रात्रीची तयारी केली होती आणि हाल झाले ते पुढचे आठ-दहा दिवस.

म्हणून यादी मागे ठेवते आणि तुमच्या त्या ‘एक्स’पासून सुरुवात करते. इथे प्रत्येक घराला दोन वेगवेगळी अक्षरं असतात आणि नवीन माणूस हमखास गोंधळतो. फ्लड झोन ठरवते फेमा, म्हणजे केंद्र सरकारची आपत्तीसंस्था. ते नकाशे मुख्यतः विमा आणि गृहकर्जासाठी आहेत. ‘एक्स’चा अर्थ एवढाच, की दर वर्षी ज्याची शक्यता एक टक्का धरतात त्या पुराच्या रेषेबाहेर घर आहे आणि कर्ज देणारी बँक पुराच्या विम्याची सक्ती करणार नाही. दुसरं अक्षर इव्हॅक्युएशन झोनचं. ते काउंटी ठरवते, वादळ समुद्राचं पाणी किती आत लोटेल या हिशेबाने, ए पासून ई पर्यंत. ए वाल्यांना सगळ्यात आधी बाहेर पडायला सांगतात. फ्लड झोन एक्स आणि इव्हॅक्युएशन झोन बी किंवा सी, अशी कितीतरी घरं मी तपासली आहेत. एजंट खोटं बोलला नाही, फक्त त्याला विकण्यापुरतं अक्षर माहीत होतं. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की दुसरं अक्षर मिळतं. आज रात्रीच बघा आणि फ्रिजवर लिहून लावा. ऐन वेळी टीव्हीवर फक्त अक्षर सांगतात, गल्लीचं नाव कोणी घेत नाही.

आता कॅटेगरी. हा आकडा निव्वळ वाऱ्याच्या वेगाचा असतो. तीन म्हणजे ताशी १११ ते १२९ मैल. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, वीज किती दिवस जाईल, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. २०२४ च्या जुलैमध्ये ह्यूस्टनला आलेलं बेरिल फक्त कॅटेगरी एक होतं. वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, तीही ऐन उन्हाळ्यात. २०१७ चं हार्वी जमिनीवर आल्यावर वाऱ्याने ढिलं पडलं, पण जागीच घुटमळत राहिलं आणि टेक्ससमध्ये एका ठिकाणी ६० इंचांवर पाऊस ओतून गेलं.

आपल्याच भागातलं उदाहरण हेलीनचं आहे. २६ सप्टेंबर २०२४. तिचं केंद्र आपल्यापासून शंभराहून अधिक मैल लांब, समुद्रातून वर गेलं आणि किनाऱ्याला लागलं ते पार उत्तरेला बिग बेंडमध्ये. आमच्याकडे वारा झाला, पण घरं मोडावीत असा नव्हे. पाणी मात्र रात्री सहा-सात फूट चढून आलं. पिनेलसमध्ये डझनभर माणसं गेली, बहुतेक बुडून. नंतर आठवड्याभराने मी एका घरात तपासणीला गेले. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ होती, टेप लावली तर ३१ इंच. तिच्या वर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाण्याच्या बाटल्यांचे सहा खोके, अगदी कोरडे. टॉर्चही पाकिटातून न काढलेले. नवा जनरेटर गॅरेजमध्ये खोक्यासकट बुडालेला. मालक मला म्हणाले, “आम्ही सगळं केलं होतं हो.” केलं होतंच. फक्त त्यांचा झोन ए होता, बाहेर पडायचा आदेश होता, आणि ते थांबले, कारण आधीच्या तीन वादळांत काही झालं नव्हतं.

ते ‘काही झालं नव्हतं’ का, हे नीट समजून घ्या, कारण शेजारीपाजारी तुम्हाला हेच ऐकवणार आहेत. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. आपला किनारा पश्चिमेकडचा. केंद्र आपल्या दक्षिणेला जमिनीवर आलं, तर आपल्याकडचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि खाडीतलं पाणी चक्क बाहेर ओढलं जातं. २०१७ ला इर्माच्या वेळी, २०२२ ला इयनच्या वेळी आणि २०२४ ला, हेलीननंतर आलेल्या मिल्टनच्या वेळीही हेच झालं. लोक उघड्या पडलेल्या तळाचे फोटो काढत होते. पण केंद्र आपल्या थोडं उत्तरेला घुसलं, तर तोच वारा समुद्र उचलून आपल्या अंगावर आणतो. मिल्टन सिएस्टा की बेटाजवळ आलं. पन्नास-साठ मैल वर आलं असतं तर ही चर्चाच वेगळी झाली असती. इथे थेट मोठं वादळ शेवटचं आलं ते १९२१ मध्ये, तेव्हा दहा-अकरा फूट पाणी चढलं होतं. ते बघितलेलं माणूस शेजारात भेटणार नाही.

बाबा कदाचित म्हणतील, आम्ही गोदावरीचे पूर बघितलेत. नाशिकचा माणूस दुतोंड्या मारुतीच्या कुठे पाणी लागलं यावरून पूर मोजतो: पायाला, कमरेला, छातीला. नदी अशी पायरीपायरीने चढते आणि सावध व्हायला वेळ देते. वादळाने लोटलेला समुद्र बहुधा अंधारात येतो, तासाभरात रस्त्यावरून दिवाणखान्यात, आणि तोवर वारा इतका असतो की मदतीला गाडी निघत नाही. साधारण ताशी ४० मैलांचा वारा सुरू झाला की रुग्णवाहिका आणि अग्निशमनच्या गाड्या थांबवतात. पूलही त्याच सुमारास बंद होतात. पिनेलस हे द्वीपकल्प आहे, हॉवर्ड फ्रँकलंड, गँडी, कोर्टनी कॅम्पबेल हे तिन्ही पूल बंद झाले की टँपाकडे जायला उत्तरेकडून जमिनीवरची लांबची वाट तेवढी उरते.

तेव्हा ‘थांबू का?’ याचं माझं उत्तर कॅटेगरीवर नाही. तुमच्या अक्षराला बाहेर पडायचा आदेश आला की निघायचं, वाद घालायचा नाही. अक्षर नसलेल्या, म्हणजे नॉन-इव्हॅक भागात घर असेल आणि घर मजबूत असेल, तर थांबणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं, कारण रस्त्यावरही माणसं मरतात. २००५ मध्ये रीटाच्या वेळी ह्यूस्टनहून लाखो लोक एकदम निघाले. त्या कोंडीत आणि उकाड्यात, प्रवासात दगावलेले लोक वादळाने गेलेल्यांपेक्षा जास्त होते. मधल्या परिस्थितीत मात्र ‘ते अवलंबून आहे’ एवढंच म्हणता येतं: घर कधीचं, भोवती झाडं कोणती, आई-बाबांची तब्येत कशी, मिनिटभरही विजेशिवाय न चालणारं एखादं यंत्र घरात आहे का.

निघायचं म्हणजे जॉर्जिया गाठायचं असं नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. इर्माच्या वेळी सासूबाई आमच्याकडे होत्या. मी घाबरून सगळ्यांना गाडीत घातलं आणि उत्तरेला निघाले. एरवी सात तासांचा रस्ता, लागले सोळा. पेट्रोल पंपांवर पिवळ्या पिशव्या बांधलेल्या, म्हणजे पेट्रोल संपलेलं. सासूबाईंचे पाय सुजले, मुलगी उलट्या करत होती. पोचलो, आणि दोन दिवसांनी इर्मा आमच्या मागोमाग जॉर्जियात हजर. तिथेही वीज गेली. इकडे घराचं एक कौलही हललं नव्हतं. वादळाच्या पुढे पळत सुटायची गरज नसते, पाण्याच्या रेषेबाहेर पडलं की झालं, आणि ती रेषा बहुधा दहा-वीस मैलांवर असते. ब्रँडन किंवा लेकलंडकडे कोणी मित्र, ऑफिसातलं कोणी, आपल्या मंडळातलं एखादं कुटुंब शोधा आणि जूनमध्येच विचारून ठेवा: “आदेश आला तर सहा जण येऊ. चालेल?” ऐन वेळी विचारायला माणूस संकोचतो, आणि संकोचून लोक थांबतात. कोणीच नसेल तर काउंटीचे निवारे असतात. आई-बाबांपैकी कोणाला ऑक्सिजन वगैरे लागत असेल तर विशेष गरजांच्या निवाऱ्यासाठी आधी नोंदणी करावी लागते, आदल्या दिवशी ती जमत नाही.

हे ठरलेलं एका कागदावर लिहा: कुठलं अक्षर, कोणाकडे, कोणती गाडी, किती वाजता. टीव्हीवरच्या त्या पांढऱ्या शंकूवर विसंबू नका. तो फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, आणि केंद्र तीनातून साधारण एकदा त्याच्याही बाहेर जातं. २००४ मध्ये चार्ली टँपावर येणार म्हणून इथे सगळे निघाले. ते वळलं आणि पुंता गोर्डावर आदळलं. हरिकेन वॉच म्हणजे तसे वारे ४८ तासांत येऊ शकतात, वॉर्निंग म्हणजे ३६ तासांत येतील अशी अपेक्षा. मी दोन्हीपेक्षा ‘जोरदार वारे सुरू होण्याची वेळ’ दाखवणारा राष्ट्रीय हरिकेन केंद्राचा नकाशा बघते. तुमचं घड्याळ त्या वेळेपासून उलटं मोजा.

आता घर. माझा विषय, त्यामुळे जरा लांबेल.

वारा छप्पर वरून दाबून मोडत नाही, खालून उचलतो. म्हणून मी ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात शिरते, टॉर्च घेऊन कडेपर्यंत सरपटत जाते आणि छपराचा ट्रस, म्हणजे त्याचा लाकडी सांगाडा, भिंतीला कशाने बांधलाय ते बघते. जुन्या घरांत नुसते तिरके ठोकलेले खिळे असतात. बऱ्या घरात धातूची क्लिप असते आणि तिला किमान तीन खिळे असावे लागतात. त्याहून चांगलं म्हणजे ट्रसवरून पलीकडे वळवून ठोकलेली पट्टी. अँड्र्यू वादळाने १९९२ मध्ये मायामीच्या दक्षिणेची वस्ती झोपवली, त्यानंतर बांधकामाचे नियम कडक होत गेले, आणि २००२ पासून फ्लोरिडाभर एकच संहिता लागू झाली. त्यानंतरचं घर असेल तर छपराची काळजी बरीच कमी. आधीचं असेल तर ‘विंड मिटिगेशन’ तपासणी, म्हणजे घर वाऱ्याला कितपत टिकेल याची तपासणी, करून घ्या. तिच्यावर विम्याच्या हप्त्यात सूटही मिळते.

दुसरी जागा गॅरेजचं दार, जी लोक विसरतात. घरातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात पातळ दार तेच. ते आत ढकललं गेलं की वारा घरात भरतो, छपराला खालून रेटतो, आणि वरून ओढ लागलेलीच असते. नवं दार घेणं झेपत नसेल तर त्याच्यासाठी आडव्या-उभ्या टेकूंचा संच मिळतो. खिडक्यांना ‘इम्पॅक्ट’, म्हणजे मार झेलणाऱ्या काचा नसतील तर शटर, नाहीतर ५/८ इंची प्लायवुड. ते आत्ताच मापाने कापून, भोकं पाडून, प्रत्येकावर ‘मुलांची खोली, डावी’ असं लिहून ठेवा. काचेवर चिकटपट्ट्यांची फुली मारायची नाही. काच फुटते ती फुटतेच, फक्त तुकडे मोठे होतात. झाडांच्या फांद्या मे-जूनमध्ये छाटा. वादळ दोन दिवसांवर असताना छाटलेल्या फांद्या कोणी उचलत नाही आणि त्याच उडून खिडकीवर येतात. मिल्टनच्या आधी हेलीनचे भिजलेले सोफे आणि भिंतींचे तुकडे रस्तोरस्ती ढीग करून पडले होते, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता.

जनरेटर. आधी हे ऐका: तो घरात, गॅरेजमध्ये, व्हरांड्यात लावायचा नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. घरापासून वीस फूट, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२० च्या लॉरा वादळात लुइझियानात गेलेल्यांपैकी मोठा वाटा या धुराच्या बळींचा होता. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जनरेटरच्याच दिवशी घ्या. आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये उलटी वायर घालून अख्खं घर चालवण्याची युक्ती कोणी सांगितली तर हात जोडा. त्याने खांबावर काम करणारा वायरमन मरतो.

केवढा घ्यायचा? अख्ख्या घराचा एसी चालवायच्या फंदात पडू नका. दोन ते तीन हजार वॅटचा इन्व्हर्टर जनरेटर फ्रिज, पंखे, फोन आणि खिडकीत बसणारा पाच हजार बीटीयूचा छोटा एसी यांना पुरतो. एक खोली थंड ठेवायची, सगळ्यांनी रात्री तिथे झोपायचं. ही चैन समजू नका. इर्मानंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमात एसी बंद पडून बारा वृद्ध उष्म्याने गेले. तुमचे आई-बाबा काटक असतील, पण बंद घरातला सप्टेंबरचा दमटपणा नाशिकच्या हवेची सवय असलेल्याला झेपत नाही.

आई-बाबांचं आणखी एक. भारतातून आणलेल्या गोळ्यांची नावं इथल्या फार्मसीला कळत नाहीत. प्रत्येक गोळीचं मूळ रासायनिक नाव आणि मात्रा इंग्रजीत लिहून कागद पासपोर्टबरोबर ठेवा. इन्शुलिन असेल तर थंड पिशवी. सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद, मुलांचे जन्मदाखले, विम्याची पॉलिसी एका जलरोधक पिशवीत, शिवाय फोटो काढून दुसऱ्या राज्यातल्या कोणाला तरी पाठवलेले. आणि भारतातल्या नातेवाइकांपैकी एकालाच बातमीदार नेमा. तिकडे वाहिन्यांवर फ्लोरिडा बुडालेला असतो आणि सगळे मामा-मावश्या एकदम फोन करतात. तेव्हा नेटवर्क तुटपुंजं असतं, मेसेज जातो, कॉल लागत नाही.

सामानाचं आता पटकन. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, सात दिवसांचं. तुम्ही सहा जण, म्हणजे बेचाळीस गॅलन. बाथटब भरून ठेवा, फ्लशला उपयोगी पडतो, पण हेलीनच्या वेळी सेंट पीटर्सबर्गमध्ये सांडपाण्याचा एक प्रकल्प बंद ठेवावा लागला आणि त्या भागातल्या लोकांना फ्लशच करू नका म्हणून सांगितलं होतं. झाकणाची बादली आणि जाड पिशव्या असू द्या. फ्रीझर बाटल्यांनी गच्च भरा: भरलेला, न उघडलेला ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४, खालचा फ्रिज फक्त चार तास. तुमची शेगडी विजेची असणार, तेव्हा न शिजवता खाता येईल असं हवं. त्याबाबत आपली माणसं सुखी. आई दडपे पोहे आणि दशम्यांवर आठवडा काढून दाखवतील. गाडीची टाकी जूनपासून नोव्हेंबरअखेर अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. विजेवरची गाडी असेल तर ती गॅरेजमध्ये न ठेवता उंचावर नेऊन लावा. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेतात.

आणि विमा, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर येत नाही. राष्ट्रीय योजनेतली पुराची पॉलिसी घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते. वादळाला नाव पडल्यावर फोन करून उपयोग नाही. ‘एक्स’मध्ये हप्ता बहुधा कमी बसतो, म्हणून तर घ्या. शिवाय पॉलिसीवर ‘हरिकेन डिडक्टिबल’ शोधा, म्हणजे नुकसानातला आधी तुम्ही सोसायचा वाटा. तो बहुधा टक्क्यांत असतो: चार लाख डॉलरचा विमा असलेल्या घराला दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमचेच. सरळ आकडा समजून बसलेले लोक मी रडताना बघितलेत.

वादळ गेल्यावर वारा थांबला म्हणून लगेच बाहेर येऊ नका; कदाचित तो डोळा, म्हणजे वादळाच्या मधला शांत भाग असेल आणि दुसऱ्या बाजूचा वारा उलट दिशेने येणार असेल. साचलेल्या पाण्यात मुलांना जाऊ देऊ नका, तारा पडलेल्या असतात आणि खाऱ्या पाण्यातले जंतू जखमेतून शिरतात. घरात पाणी आलंच तर आवरायच्या आधी फोटो, पाण्याच्या रेघेला टेप लावून. मग मात्र ओल्या भिंती आणि गालिचे पटापट बाहेर, बुरशी दीड-दोन दिवसांत धरते. छपरावर स्वतः चढू नका. दारावर येऊन “आत्ता सही करा, विम्याचं आम्ही बघतो” म्हणणाऱ्याला पाणी विचारा, सही देऊ नका.

ताई म्हणालात म्हणून हक्काने सांगते, जनरेटरची खरेदी आठवडाभर थांबली तरी चालेल. आज अक्षर शोधा, उद्या विम्याचा फोन करा. घर कोणत्या वर्षी बांधलंय आणि गॅरेजचं दार कोणत्या दिशेला आहे ते मला कळवा. ॲटिकमध्ये डोकावलात तर ट्रस भिंतीला मिळतो तिथला जवळून फोटो टाका, खिळे मोजून सांगते.